मोल्ड बदलताना मशीन दर वेळी अडकून पडतं? आधी वेळ कुठे सांडतोय ते शोधा

लक्षण ओळखीचं आहे. इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात (मोल्डमध्ये) दाबून पार्ट काढणारं, लहान-मध्यम युनिट, आठ-दहा मशीन, प्रत्येकावर आलटून-पालटून चार-पाच मोल्ड चढतात. प्लॅनमध्ये मोल्ड बदलायला पाऊण तास धरलेला असतो, प्रत्यक्षात दोन तास कुठेच गेले नाहीत. मग एखाद्या महिन्यात मालक हात धुऊन मागे लागतो, सेटर (मोल्ड चढवणारे-उतरवणारे कारागीर) धावपळ करतात, वेळ तासावर येतो आणि सगळे खूश होतात. दोन महिन्यांनी बघावं तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. हायड्रॉलिक क्लॅम्प घेऊन झाले, सेटर बदलून झाला, भिंतीवर तक्ता लावून झाला.

दुखणं परत-परत उलटतं, कारण इलाज दर वेळी एकाच जागी होतो: मशीन बंद असतानाच्या वेळात. तो वेळ सगळ्यात महाग असतो आणि त्याच वेळात सगळ्यात जास्त गर्दी असते. तिथे हात चालवण्याचा वेग वाढवला की तो वाढीव वेग माणसाच्या अंगावर चालतो, आणि माणूस दमला की उतरतो. यात सेटरची चूक नाही.

या जागी ट्रिझची एक सवय फार कामाला येते. ट्रिझ म्हणजे शोधक पद्धतीने अडचणी सोडवण्याचं शास्त्र. गेनरिख आल्टशुलर (१९२६–१९९८) या सोव्हिएत अभियंत्याने १९४६पासून पेटंटांचा अभ्यास करत ते उभं केलं. त्यातली पायरी-पायरीने जाणारी कार्यपद्धती म्हणजे 'आरिझ'. तिच्या १९८५च्या आवृत्तीत उपाय शोधायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहायला लावतात: पेच (दोन मागण्यांची ओढाताण) नेमका कुठे आहे, आणि नेमका केव्हा आहे. 'केव्हा'चे पुन्हा भाग पडतात. प्रत्यक्ष पेचाचा वेळ आणि त्याच्या आधीचा वेळ. पुढच्या मंडळींनी त्यात नंतरचा वेळही जोडला. हे वेळेचे तुकडे लोखंड, पाणी, उष्णता यांच्याच यादीत येतात: हाताशी असलेली, बहुतेक फुकट पडून असलेली साधनसामग्री. सामान खरेदी करायच्या आधी गोडाऊनमध्ये काय पडलंय ते आपण बघतोच, तसं हे.

आधी मोजमाप सरळ करा

बदलाचा वेळ म्हणजे जुन्या पार्टचा शेवटचा चांगला नग पडल्यापासून नव्या पार्टचा पहिला चांगला नग पास होईपर्यंतचा वेळ. क्लॅम्प सुटण्यापासून क्लॅम्प आवळेपर्यंतचा नव्हे. बऱ्याच ठिकाणी रजिस्टरला हा दुसरा आकडा चढतो आणि मग 'आमचं सेटिंग तर चाळीस मिनिटांत होतं' असं सगळे छातीठोकपणे सांगतात. खोटं कुणी बोलत नसतं, पण मशीन दोन तास बंद असतंच.

मोबाईल स्टँडवर लावून एका बदलाचं पूर्ण चित्रीकरण करा. सेटरला आधी सांगून करा, चोरून नको. मग शांतपणे बसून नोंद लिहा. नमुना म्हणून एक नोंद देतो. आकडे कल्पित आहेत, पण असंच काहीसं निघतं.

२:०० ला शेवटचा चांगला नग. २:१२ पर्यंत क्रेनची वाट, ती पलीकडच्या मशीनवर अडकलेली. २:३५ पर्यंत पाण्याचे होज काढणं, क्लॅम्प सोडणं, मोल्ड उतरवणं. २:५० पर्यंत पुढच्या मोल्डची शोधाशोध; रॅकवर मोल्ड सापडला, पण त्याचा आय-बोल्ट (क्रेनने उचलायची कडी) दुसऱ्याच मोल्डला लावलेला. ३:१० पर्यंत मोल्ड चढवून क्लॅम्प आवळले. ३:२५ पर्यंत होज जोडले, दोन निपल (होज जोडायची तोंडं) गळत होते म्हणून टेफ्लॉन टेप शोधण्यात वेळ. ३:५५ पर्यंत मोल्ड तापायची वाट, त्यातच बॅरल (माल वितळवणारी नळी) पर्ज केला, म्हणजे आतला जुना माल बाहेर काढला. ४:०५ पर्यंत पहिले शॉट (मोल्डमध्ये माल भरण्याच्या फेऱ्या) आणि पॅरामीटरची जुळवाजुळव. ४:२५ पर्यंत क्वालिटीवाल्याची वाट.

एकूण १४५ मिनिटं. त्यात पाना प्रत्यक्ष हातात होता तो वेळ २३, २० आणि १५ मिळून ५८ मिनिटं. शॉटची १० मिनिटं सोडली तर उरलेली ७७ मिनिटं नुसती वाट बघणं आणि शोधाशोध. लाखो रुपयांचे हायड्रॉलिक क्लॅम्प या ५८ मधली फार तर दहा-बारा मिनिटं वाचवतील. त्या ७७ ला ते हातही लावत नाहीत. म्हणून पैसे खर्च होतात आणि दुखणं तसंच राहतं.

जपानमधले औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांच्यासमोर हेच आलं होतं. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, मोठ्या प्रेसवर डाय बदलताना एक बोल्ट सापडेना, आणि तो मिळवून माणूस परत येईपर्यंत तासभर गेला. मशीन बंद असतानाच करता येणारी कामं वेगळी आणि मशीन चालू असताना करता येणारी वेगळी, ही विभागणी त्यांना तिथे दिसली. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचा बदल चार तासांवरून सहा महिन्यांत दीड तासावर आला. व्यवस्थापनाने आणखी कमी करा म्हटल्यावर, आणखी तीन महिन्यांत तो तीन मिनिटांवर आला. हा किस्सा आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतात. त्यात लक्षात ठेवायची गोष्ट ही की चार तासांचे तीन मिनिटं हात जलद चालवून कधीच होत नाहीत. कामं एका काळातून उचलून दुसऱ्या काळात ठेवली म्हणूनच ते झालं.

आधीचा वेळ असतो, पण वापरता का येत नाही?

नोंदीसमोर तीन रकाने काढा: आधी, बंद असताना, नंतर. प्रत्येक काम कुठल्या रकान्यात आज आहे आणि कुठल्या रकान्यात जाऊ शकतं ते लिहा. क्रेनचा नंबर लावणं, मोल्ड रॅकवरून मशीनशेजारी आणणं, आय-बोल्ट, निपल आणि टेप तपासणं, माल सुकवणं, गेज आणि मंजूर नमुना काढून ठेवणं हे सगळं 'आधी'त जातं. ट्रिझच्या चाळीस तत्त्वांतलं दहावं तत्त्व नेमकं हेच सांगतं: पुढे लागणारी कृती आधीच, पूर्ण किंवा अर्धी, करून ठेवा.

इथवर सगळे पोचतात. यादी बनते, ट्रॉली बनते, ट्रॉलीला पिवळा रंग लागतो. आणि तीन आठवड्यांनी ट्रॉलीवर चहाचे कप असतात.

का? सेटरला विचारा. 'साहेब, पुढचा मोल्ड कुठला हे मला मशीन थांबल्यावर कळतं.' बहुतेक युनिटांत खरी मेख इथे आहे. सकाळी प्लॅन एक असतो, अकरा वाजता ग्राहकाचा फोन येतो, दुपारी डिस्पॅचवाला येऊन तिसराच पार्ट मागतो. घड्याळात 'आधीचा वेळ' आहे, तीन-तीन तास आहे, पण पुढचं काम पक्कं माहीत नसेल तर त्या वेळात करण्यासारखं काहीच उरत नाही. तयारी करून ठेवली आणि प्लॅन फिरला की तीच तयारी अडगळ होते. असं दोनदा झालं की कुणीही शहाणा माणूस तयारी करणं सोडून देतो.

म्हणून माझ्या मते बदलाचा वेळ हा निम्म्याहून अधिक प्लॅनिंगचा प्रश्न आहे, पान्याचा नाही. उपाय साधा, पण राबवायला जड: प्रत्येक मशीनवर 'पुढचा एक मोल्ड' गोठवायचा. दिवसभराचा प्लॅन फिरू दे, पण चालू कामानंतरचा एक मोल्ड, बदलाच्या निदान दोन तास आधी पाटीवर लिहिला की तो कुणालाही, मालकालाही, फिरवता येणार नाही. त्यानंतरचा खुशाल फिरवा. दोन तासांची ही मुदत आली कुठून? तयारीतलं सगळ्यात लांब काम जितका वेळ घेतं तितकी ती ठेवायची. पॉलिकार्बोनेट सुकवायचं असेल तर दोन तास पुरणार नाहीत, चार लागतील.

उरलेला पेच: मोल्ड गरम हवा आणि थंडही हवा

शोधाशोध आणि क्रेन सुटली की नोंदीतला सगळ्यात मोठा तुकडा उरतो: मोल्ड तापायची अर्धा तास वाट. इथे शिंगोंची विभागणी थोडी अडखळते, कारण तापवणं हे मशीनवरच करायचं काम वाटतं. एमटीसी (पाणी फिरवून मोल्डचं तापमान सांभाळणारं यंत्र) मशीनशेजारी, होज मशीनवर, तर तापवायचा कुठे?

ट्रिझमध्ये याला सरळ पेच म्हणून मांडतात. चढवताना मोल्ड थंड हवा, कारण माणसांनी हात लावायचा असतो. पहिला शॉट पडताना तो गरम हवा, नाहीतर नायलॉनचा पार्ट नीट भरत नाही, पृष्ठभाग खराब येतो, नगामागून नग रिजेक्ट होतो. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. मग विचारायचं: दोन्ही एकाच क्षणी खऱ्या आहेत का? चढवण्याचा क्षण आणि पहिल्या शॉटचा क्षण यांच्यात आज अर्धा तास आहे. तो अर्धा तास मशीनवर जाण्याऐवजी मशीनबाहेर गेला तर?

रॅकशेजारी एक जुना एमटीसी आणि टेबल एवढ्यावर हे होतं. मोल्ड टेबलावर असताना पाणी फिरवून अर्धवट तापवायचा, म्हणजे ऐंशी अंश हवे असतील तर पन्नास-पंचावन्नपर्यंत, आणि उरलेलं मशीनवर, पर्जिंग चालू असताना. पूर्ण तापवू नका. गरम मोल्डला हात लागून भाजण्याचा धोका आहे, आणि क्विक कपलिंग नसतील तर होज काढताना गरम पाणी अंगावर येतं. दोन्ही भाग जोडणारी लॉक पट्टी मोल्ड मशीनवर क्लॅम्प होईपर्यंत काढायची नाही, हे तर गरम असो की थंड, कायमचंच. हातमोजे हवेत. जुना एमटीसी गळका असेल तर आधी तो दुरुस्त करा, मग हे करा.

मोल्डिंग मशीन स्वतःच हा धडा रोज गिरवत असतं. नग मोल्डमध्ये थंड होत असतो तेवढ्यातच स्क्रू मागे सरकत पुढच्या शॉटचा माल वितळवून तयार ठेवतो. थंड होण्याचा वेळ कुणी कमी केलेला नाही. त्याच्या आत दुसरं काम सरकवलं आहे. ऑपरेटरही त्याच सेकंदांत आधीच्या नगाचा गेट (माल आत शिरला तिथला देठ) कापतो. मशीन बनवणाऱ्यांनी जे सेकंदांत केलं ते आपल्याला तासांत करायचं आहे.

आधीचा वेळ फुकट असला तरी अमर्याद नाही

इथे उत्साही मंडळी घसरतात. तयारी चांगली, तर आदल्या रात्रीच सगळं करून ठेवू! माल सुकवण्याचं घ्या. पॉलिकार्बोनेटला १२० अंशांना तीन-चार तास लागतात, ओलावा ०.०२ टक्क्यांच्या खाली जायला हवा. एबीएसला ऐंशीच्या आसपास दोन ते चार तास. पण सुकवलेलं पॉलिकार्बोनेट उघड्या बॅगेत ठेवलं की ते हवेतला ओलावा पुन्हा खेचायला लागतं, म्हणजे आदल्या रात्रीची मेहनत पाण्यात. नायलॉन उलट, गरम हवेत गरजेपेक्षा जास्त राहिलं की पिवळं पडतं. त्यामुळे तयारीच्या प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा: कमीत कमी किती आधी, आणि जास्तीत जास्त किती आधी. दुसरा आकडा सहसा कुणी लिहीत नाही.

पावसाळ्यात आणखी एक घोळ. साधा हॉट-एअर हॉपर (गरम हवेने माल सुकवणारं मशीनवरचं भांडं) बाहेरचीच दमट हवा तापवून मालात सोडतो. जून ते सप्टेंबरमध्ये चार तासांचे सहा केले तरी नगावर सिल्व्हर मार्क (ओलाव्याचे चंदेरी पट्टे) येत असतील तर ही वेळेची अडचण नाही, डिह्युमिडिफाइंग ड्रायरची (हवा आधी कोरडी करणाऱ्या) आहे. वेळ वाढवत बसू नका.

भोसरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते, तिथे शुक्रवारी पहिल्या पाळीचं दुखणं वेगळं म्हणून सांगतात. ते वेगळं नाही. हॉपर थंड, माल ओला, सकाळी सातला ड्रायर चालू, अकरापर्यंत चांगला नग नाही, किंवा साडेसातलाच मशीन चालू करून दोन तास भंगार ग्राइंडरमध्ये. आधीचा वेळ इथे पहाटेचा आहे आणि माणूस हजर नाही. ड्रायरला टायमर लावून तो पहाटे तीनला चालू होऊ द्या. टायमरची सोय अनेक ड्रायरमध्ये असते आणि कुणी वापरत नाही. फक्त बॅरलचे हीटर असे बिनमाणसाचे लावू नका, विशेषतः आत ॲसिटल किंवा पीव्हीसी राहिलं असेल तर. हे माल गरम बॅरलमध्ये पडून राहिले की विघटन होऊन घातक वायू सुटतो.

याच कारणाने नोंदीतली शेवटची वीस मिनिटं, क्वालिटीवाल्याची वाट, सगळ्यात वाईट. ती नुसती वाया जात नाहीत. बॅरलमधला माल तेवढा वेळ शिजत असतो, आणि पहिला नग पास होईपर्यंत पुढच्या दहा नगांवर काळे ठिपके आलेले असतात. मंजूर नमुना आणि गेज मशीनवर असेल आणि तीन-चार मोजमापं सेटरलाच घ्यायची परवानगी असेल तर मशीन सेटरच्या सहीने चालू होतं, क्वालिटीवाला नंतर येऊन पूर्ण तपासतो, तोवर पडलेले नग वेगळ्या क्रेटमध्ये राहतात. काही ग्राहकांचं पार्ट अप्रूव्हल हे मान्य करत नाही. तिथे क्वालिटीवाल्याला अंदाजे वेळ वीस मिनिटं आधी कळवणं एवढंच हातात आहे.

नंतरचा वेळ

उतरवलेल्या मोल्डची साफसफाई, गंजरोधक स्प्रे, जुन्या मालाच्या बॅगा बांधणं ही कामं मशीन बंद असताना चालू असलेली दिसली तर ती सरळ नंतर ढकला. पाण्याच्या लाइनमधलं पाणी हवेने उडवणं मात्र उतरवायच्या आधीच करा, नाहीतर ते क्रेनखाली फरशीवर सांडतं आणि कुणीतरी घसरतं.

यापेक्षा महत्त्वाचं वेगळं आहे. मोल्ड उतरतो तेव्हा त्याची दुखणी सेटरला ताजी माहीत असतात: अमुक इजेक्टर पिन अडते, तिसऱ्या कॅव्हिटीला (नगाच्या खाचेला) फ्लॅश, म्हणजे कडेला जादा पापडी, यायला लागलाय, एक निपल गळतो. हे कुठे लिहिलं जात नाही. मोल्ड पंधरा दिवस रॅकवर बसतो, टूलरूम मोकळी असते, आणि सोळाव्या दिवशी तो मशीनवर चढल्यावर तीच पिन अडते, तोच निपल गळतो. मग मशीन बंद ठेवून टूलरूमवाल्याला बोलावणं. एका बदलानंतरचा वेळ हाच त्या मोल्डच्या पुढच्या बदलाच्या आधीचा वेळ असतो, आणि तो पंधरा दिवसांचा असतो. कारखान्यात इतका मोठा फुकट वेळ दुसरा नाही. शेवटचा शॉट, रनरसकट (नगांपर्यंत माल पोचवणाऱ्या फाट्यासकट), मोल्डला बांधून ठेवा आणि त्याला तक्रारीची चिठ्ठी लावा. टूलरूमला सांगा: चिठ्ठीवर दुरुस्तीची सही झाल्याशिवाय मोल्ड रॅकच्या वरच्या खणात जाणार नाही.

तरीही वेळ वाढत असेल तर

आल्टशुलर यांचीच एक कसरत करून बघा. बदलाला मिळणारा वेळ कल्पनेत शून्यावर आणा. काय करावं लागेल? मोल्ड बदलायलाच नको. मग मनात येतं की एकाच बेसमध्ये फक्त इन्सर्ट (नगाला आकार देणारे आतले भाग) बदलले तर? सारख्या आकाराच्या झाकणांच्या कुटुंबासाठी हे बऱ्याचदा शक्य असतं, नवा मोल्ड बनवतानाच ठरवावं लागतं. आता उलट, वेळ आठवड्याभराचा करा. बदल आठवड्याने झाला तर कुणाचं अडेल? कुणाचंच नाही असं निघालं तर आजचा बदल नेमका कुणी आणि का मागितला ते बघा. बऱ्याचदा उत्तर 'सवयीने' असं येतं.

क्रमाचाही विचार करा. फिकट रंगाकडून गडद रंगाकडे गेलं तर पर्जिंग कमी लागतं, उलट गेलं तर काळ्यानंतर पांढरा काढताना पर्जच्या ढेपांचा ढीग होतो. कमी तापमानाच्या मालाकडून जास्त तापमानाच्या मालाकडे जाणं सोपं, कारण बॅरल तापतो लवकर आणि निवतो सावकाश. आठवड्याचा क्रम एकदा असा लावला की काहीही विकत न घेता वेळ निघतो. प्लॅनरच्या टेबलवर हा क्रम लिहून चिकटवा, सेटरच्या नव्हे.

गोठवलेला 'पुढचा एक मोल्ड' किती वेळा फिरवला जातो याची मोजणी ठेवा. बदलाचा वेळ पुन्हा चढायला लागला की आधी हा आकडा बघायचा. तो वाढलेला दिसला तर सेटरशी बोलण्यात अर्थ नाही, डिस्पॅचशी बोला. तो स्थिर असेल आणि तरी वेळ वाढत असेल तरच पुन्हा मोबाईल स्टँड लावा. आणि ज्या मशीनवर महिन्यातून एकदाच मोल्ड बदलतो तिथे यातलं काहीही करू नका; तिथे दोन तास गेले तर जाऊ द्या.